मामंजींनी उतरवलेली तार

माझ्या नवऱ्याला मी एकूण सत्तावीस दिवस पाहिलं. लग्नाच्या रजेचे पंधरा आणि पुढच्या दिवाळीचे बारा. त्यातले पहिले चार-पाच दिवस मी मान वर करून बघितलंच नव्हतं, म्हणजे तेही वजाच करायला हवेत.

हे आधीच सांगून टाकते, कारण आताशा पंधरा ऑगस्ट जवळ आला की बुऱ्हाणपुरातल्या कुठल्या ना कुठल्या शाळेतून बोलावणं येतं. मला हार घालतात, वीरपत्नी म्हणतात आणि त्यांच्याविषयी दोन शब्द बोला म्हणतात. माझ्याकडे खरोखर दोनच शब्द आहेत, पण ते लोकांना पुरत नाहीत. त्यांना पाणावलेले डोळे हवे असतात. मी जन्मभर मुलींना गणित शिकवलं. मागणीनुसार डोळे पाणावणं मला जमत नाही.

माझं माहेर तुकईथडचं. घरी कपाशी आणि ज्वारी, वडील जरा हौशी, म्हणून मी सातवीपर्यंत शिकले. सतराव्या वर्षी बुऱ्हाणपुरात दिली. सासर लहान होतं. सासूबाई केव्हाच वारल्या होत्या. सासरे, त्यांना मी मामंजी म्हणायची, तारघरात तारबाबू होते. घर चालवायच्या त्यांच्या थोरल्या बहीण, आत्याबाई. अकराव्या वर्षी विधवा झालेल्या, केशवपन केलेल्या, लाल आलवणातल्या. आणि एकुलता एक मुलगा, जो इंग्रजांच्या हवाई दलात होता आणि घरी नसायचा.

लहानपणापासून बापाच्या मांडीवर बसून तारेची लिपी शिकलेला मुलगा, म्हणून त्यांना वायरलेसवर घेतलं. मग बंदूक शिकवली आणि बॉम्ब टाकायच्या विमानात बसवलं. त्या विमानात माणसं दोनच. पुढे चालवणारा, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून, तोंड मागे करून, हे. वायरलेस ऐकायचा आणि मागून कोणी येतंय का ते बघायचं. हे सगळं मला कळलं ते टांग्यात.

लग्नानंतर आठव्या दिवशी आम्हांला इच्छापुरला इच्छादेवीच्या दर्शनाला पाठवलं. आत्याबाई बरोबर होत्या, त्या टांगेवाल्याशेजारी पुढे बसल्या, आम्ही दोघं मागच्या बैठकीवर. मागे बसलं की टांग्यात तोंड आलेल्या रस्त्याकडेच होतं. मला त्याची सवय नव्हती, मळमळायला लागलं. मी मान वळवून पुढे बघायला लागले तर ते हसले.

"पुढचं पाह्यले टांगेवाला आहे. मागचं पाह्यनं आपली ड्युटी."

मग त्यांनी विमानाचं सांगितलं. मी विचारलं, उलटं बसून भीती नाही वाटत? नवऱ्याला विचारलेला माझा हा पहिला प्रश्न. ते म्हणाले, "भीती कशाची? विमान कुठं चाललं ते मले पोचल्यावरच समजते." पुढून आत्याबाई खाकरल्या आणि आमचं बोलणं तिथंच संपलं.

माणूस मिश्कील होता, एवढं मी खात्रीनं सांगू शकते. मी सासरी पहिल्यांदा स्वयंपाक केला तेव्हा जेवताना त्यांनी नखानं ताटाच्या कडेवर टकटक केलं. समोरून मामंजींनीही केलं. दोघं हसले. बापलेकांची ही जुनीच खोड होती. जेवताना ताट वाजवणं अशुभ म्हणून आत्याबाई रोज ओरडायच्या आणि रोज हे चालू असायचं. मला वाटलं, आपल्या रूपाबद्दल काही असेल. लाजून चूर झाले. पुढे दोन वर्षांनी मामंजींकडून मी ती लिपी शिकले तेव्हा पहिली गोष्ट विचारली ती हीच. ते म्हणाले, "मीठ जास्त. इंग्रजीत." 

दिवाळीच्या बारा दिवसांतलं फारसं काही सांगण्यासारखं नाही. त्यांना केळ्याचं शिकरण आवडायचं नाही, केळीच्या बागांच्या बुऱ्हाणपुरात जन्मून. दाढी करताना ते तोंड वेडंवाकडं करून आरशात बघायचे आणि मी बघतेय असं दिसलं की आणखी वेडंवाकडं करायचे. जाताना स्टेशनवर त्यांनी मामंजींना वाकून नमस्कार केला आणि माझ्याकडे बघून टोपी थोडी तिरपी केली. गाडी सुटली. ते दारात उभे होते आणि तोंड आमच्याकडे, मागे, होतं.

तार आली ती वैशाखाच्या शेवटी. 

तारघराचा शिपाई दुपारी सायकलवरून आला. नेहमीचाच माणूस, पण त्या दिवशी पाणीसुद्धा न घेता निघून गेला. पावतीवर मी सही केली, कारण आत्याबाईंना लिहिता येत नव्हतं. तार मामंजींच्या नावाची होती आणि मामंजी कामावर. मामंजींशिवाय घरात इंग्रजी कोणालाच येत नव्हतं, पण संध्याकाळपर्यंत थांबणार कोण? मी तशीच अनवाणी शेजारच्या कंपाउंडरकडे पळाले. त्यानं दोनदा वाचलं आणि म्हणाला, "बेपत्ता आहे लिहिलंय. तपास चालू आहे. गेले असं नाही लिहिलं, भाभी." कुठे, कधी, काही नव्हतं. मामंजी रोजच्या वेळेला घरी आले, कोट खुंटीला लावला, पाय धुतले आणि तार वाचली. आत्याबाई म्हणाल्या, "तूच तर उतरवली असशील." ते म्हणाले, हो.

तारबाबूला तारेतलं काही बाहेर बोलता येत नसे. तसा नियमच होता आणि मामंजी नियमाचे पक्के. गावात कोणाचं लग्न ठरलं, कोणाचं कोण गेलं, हे सगळ्यांच्या आधी त्यांना कळायचं आणि सगळ्यांच्या नंतर ते बोलायचे. त्यामुळे स्वतःच्या मुलाची तार त्यांनी शिपायाच्या हातीच पाठवावी, याचं आम्हांला नवल वाटलं नाही. 

बेपत्ता म्हणजे काय, हे आमच्याकडे शास्त्रानं ठरवून ठेवलेलं आहे. माणूस नाहीसा झाला की बारा वर्षं वाट बघायची. तोवर तो जिवंत. त्याची बायको सवाष्ण. कुंकू, मंगळसूत्र, हळदीकुंकवाचं बोलावणं, सगळं चालू. बारा वर्षांत पत्ता लागला नाही तर पळसाच्या पानांचा त्याचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, दिवस घालायचे. मग तो मेला. मग ती विधवा. 

म्हणजे अठराव्या वर्षी माझ्यापुढे बारा वर्षं ठेवली गेली आणि ती संपेपर्यंत मी कोण, ते ठरायचं नव्हतं.

पहिली दोन वर्षं मी खरंच वाट बघितली. जपानशी चाललेली लढाई थांबली, रंगूनकडून कैदी सुटून येत आहेत असं पेपरात यायचं. मी मामंजींना विचारायची, चौकशी केली का? ते म्हणायचे, "केली पोरी. पाहू." चैत्रात मी इच्छादेवीला नवस बोलले, आणि दर चैत्रात अनवाणी डोंगर चढायला लागले. एकटीला कोण पाठवणार, म्हणून मामंजी बरोबर यायचे. पायऱ्या चढून ते दमायचे, देवळाबाहेर कठड्यावर बसायचे, आत यायचे नाहीत. मी म्हणायची, तुम्ही पण मागा की देवीकडे. ते म्हणायचे, तू मागतेस तेच माझं.

त्याच काळात त्यांनी मला तारेची लिपी शिकवली. ताटावर वाजवणं त्या वैशाखापासून त्यांनी बंद केलं होतं. मला शिकवलं ते पाटीवर, पेन्सिलीनं वाजवून. एक नियम ते पुन्हा पुन्हा सांगायचे. तार उतरवून घेतली की घेणाऱ्यानं पलीकडे एकच अक्षर वाजवायचं: लहान, लांब, लहान. म्हणजे पोचली. मजकूर बरा असो, वाईट असो, तुम्हांला पटो न पटो, त्याच्याशी काही संबंध नाही. पोचली, एवढंच. आणि ते अक्षर येईपर्यंत पाठवणाऱ्यानं टेबल सोडायचं नाही.

तारघरात मात्र मी गेले नाही. मास्तरीण झाले. मला पुढे शिकवायला आत्याबाईंचा विरोध होईल असं वाटलं होतं, पण सवाष्ण बाईनं शाळेत जाण्यात त्यांना काही वावगं दिसलं नसावं. ट्रेनिंग झालं, मुलींच्या मराठी शाळेत नोकरी लागली. 

स्वातंत्र्य आलं तेव्हा शाळेत पेढे वाटले. चौकात तुरुंगात जाऊन आलेल्यांचे सत्कार झाले. एका पुढाऱ्यानं मामंजींना तोंडावर विचारलं, तुमचा मुलगा इंग्रजांकडून लढत होता ना? मामंजी म्हणाले, "हो." सिंधी निर्वासित आले, त्यांच्या मुली माझ्या वर्गात बसायला लागल्या. संस्थानं गेली, जिल्ह्यांच्या हद्दी हलल्या, नकाशे दरवर्षी नवे यायचे आणि मी ते भिंतीवर लावायची. सगळा देश जुळत होता, ठरत होता. आमच्या घरी तेवढं काही ठरत नव्हतं.

मुलांच्या शाळेत एक मास्तर होते. विधुर, मूल नाही, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे. परीक्षेच्या कामाला दोन्ही शाळांचे शिक्षक एकत्र बसायचे, तेव्हाची ओळख. माणूस शांत, आणि माझ्या बोलण्यावर हसायचा. माझ्या बोलण्यावर फारसं कोणी हसत नसे. एकदा पेपरांचे गठ्ठे बांधताना खाली बघूनच ते म्हणाले, "बाई, तुमचा निकाल लागलेला असता तर मी घरी येऊन विचारलं असतं." मी म्हटलं, "लागलेला नाही." माझ्या कपाळावर कुंकू होतं, मी दुसरं काय म्हणणार? माझा नवरा कुठेतरी जिवंत असू शकत होता, आणि मी त्याच्यासाठी डोंगर चढत होते. ते तीन वर्षं थांबले. मग वऱ्हाडातली एक मुलगी केली आणि बदली मागून तिकडेच गेले. त्या वेळी आमच्या राज्याची राजधानी नागपूरहून भोपाळला जाणार अशी बोलवा होती, मराठी नोकरदार घाबरलेच होते, त्यामुळे त्यांच्या जाण्याचा कोणी वेगळा अर्थ लावला नाही. मीही नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खोटं होतं ते. मला वाईट वाटलं, फार वाटलं.

बारा वर्षं भरली त्या वैशाखात आत्याबाईंनीच विषय काढला. भटजी आले, पंचांग उघडून ओसरीवर बसले. मामंजी आता निवृत्त झाले होते. समोर पाटावर ते, आतल्या दाराशी आत्याबाई, त्यांच्यामागे मी. तीस वर्षांची.

भटजींनी पानं किती लागतील, दर्भ किती, डोक्याच्या जागी नारळ, असं सगळं सांगितलं. तीनशे साठ पानं. मग म्हणाले, "आता तिथीचं. बेपत्ता माणसाची तिथी कशी समजणार? अशा वेळेला त्या महिन्याची अमावास्या धरतात. आपणही अमावास्या धरू."

मामंजी म्हणाले, "अमावास्या नको. वद्य पंचमी धरा."

"विमान त्या दिवशी नाहीसं झालं का? असेल. पण नाहीसं होणं वेगळं, जाणं वेगळं. त्यानंतर चार दिवस कुठे जिवंत असेल तर? शास्त्रात..."

"नव्हता. पंचमीलेच गेला. सकाळी."

भटजी चांगला माणूस होता, पण नको तिथं चिकित्सक. "पण कशावरून?" त्यानं विचारलं.

मामंजींना अमावास्या म्हणून मोकळं होता आलं असतं. भटजीनं वाट करून दिलीच होती. पण चुकीच्या तिथीला दिलेलं पाणी मुलाला पोचणार नाही, असं ते मनापासून मानणारे. माणसांना चुकीचं लिहून दिलं होतं, ते निभावलं बारा वर्षं. हे त्यांच्यानं निभावलं नाही. ते उठले, देवाच्या फडताळातून जुन्या पंचांगांचा गठ्ठा काढला, त्यातलं एक उघडलं आणि वैशाखाच्या पानावरून घडी घातलेला कागद काढून भटजींपुढे ठेवला. तारेचा कागद, त्यांच्याच अक्षरातला. पंचांगात वैशाख वद्य पंचमीच्या रकान्याला पेन्सिलीचा बारीक ठिपका होता.

"ही आलेली तार," ते म्हणाले. "घरी पाठवली ती मी लिहिली होती."

एवढं बोलून झाल्यावर मग ते थांबले नाहीत. त्या सकाळी तार खांडव्याहून येत होती. खांडव्याच्या बाबूचा हात, म्हणजे वाजवायची ढब, ते ओळखत. वीस वर्षांची तारेवरची ओळख, तोंड कधी पाहिलेलं नाही. नाव आलं आणि त्याचा हात संथ झाला. त्यानं मध्येच थांबून विचारलं, टेबलावर दुसरं कोणी आहे का? मामंजींनी कळवलं, नाही, चालू ठेवा. पूर्ण तार त्यांनी उतरवली. युद्धात मरण पावला. खांडव्याला 'पोचली' म्हणून वाजवलं. मग कोरा कागद ओढला आणि दुसरी तार लिहिली. मागून पत्र आलं. बरोबरच्या विमानातल्यांनी त्यांचं विमान पेटून डोंगरावर पडताना पाहिलं होतं, जवळ जाता येण्यासारखी जागा नव्हती. सरकारी कागद सगळे मामंजींच्याच नावे यायचे आणि पोस्टातून परस्पर त्यांच्या पेटीत जायचे. माझ्या पेन्शनचे, सहीसाठी आलेले फॉर्म त्यांनी कधी भरले नाहीत.

"काहून केलं असं?" आत्याबाईंनी विचारलं.

मामंजी त्यांच्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या वेळेस न्हाव्याले बोलवायला मलेच धाडलं होतं, बाई. मी गेलो. बोलावून आणला. पुन्हा हे माझ्या घरात होऊ द्यायचं नव्हतं. अठरा वर्षांची पोर. मले वाटलं, बारा वर्षं तर मिळतील."

त्यांना भीती होती ती आत्याबाईंची. तारेच्या आडून ते मला आत्याबाईंपासून लपवत होते. हे आत्याबाईंना आमच्या सगळ्यांच्या आधी समजलं. डोक्यावरचा पदर त्यांनी पुढे ओढला. त्यांचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता.

"मी हिचे केस काढायला लावले असते, असं वाटलं तुले? मी? मले एक बार विचारून तरी पाह्यचं होतं."

बारा वर्षांत ते मामंजींच्या डोक्यातच आलं नव्हतं. एक बहीण, एक सून, दोघींना वाचवायला निघालेला माणूस, आणि दोघींपैकी एकीलाही त्यानं विचारलं नाही.

मी काय केलं? लोकांना वाटतं मी रडले असेन. मी चिडले. इतकी चिडले की बाजूची कळशी उचलून ओसरीवर आपटली आणि भटजी पंचांग सावरत उठले. "तुम्ही दर चैत्रात माझ्याबरोबर डोंगर चढलात," मी मामंजींना म्हटलं. सासऱ्यांशी त्या आवाजात मी कधी बोलले नव्हते. "मी काय मागतेय ते माहीत असून चढलात. कठड्यावर बसलात. मला सांगायला तेवढाही रस्ता पुरला नाही?"

नंतरचे चार दिवस मी त्यांच्याशी बोललेच नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची, तोंडाला कुलूप.

त्या चार दिवसांत मी पुष्कळ विचार केला, आणि तो आजही संपलेला नाही. खरी तार आली असती तर? आत्याबाईंनी काही केलं नसतं हे आता कळलं, पण तेव्हा भाऊबंद होते, माहेरचं गाव होतं, अठरा वर्षांच्या विधवेला शिकायला धाडणारं आमच्यात कोणी नव्हतं. ही नोकरी, हा खडू, कदाचित काहीच झालं नसतं. दुसऱ्या बाजूला ते मास्तर. मला निकाल ठाऊक असता तर मी त्यांना घरी या म्हटलं असतं का? बहुतेक म्हटलं असतं. मामंजींनी मला एक आयुष्य दिलं आणि एक काढून घेतलं, आणि ही वजाबाकी मला मांडता येत नाही. राग खरा आहे. आणि त्या माणसावर माझी माया होती हेही खरंच आहे.

माझ्या भावानं तुकईथडहून पळसाची पानं आणली, नवी, कोवळी, हिरवीगार. ती मीच मोजली. दुसऱ्या कोणाच्या मोजण्यावर माझा विश्वास नाही. डोक्याची चाळीस, गळ्याची दहा, हातांची, पायांची, भटजींनी सांगितल्याप्रमाणे वेगवेगळ्या जुड्या करून दोऱ्यानं बांधल्या. ज्या माणसाचा हात मी चारचौघांत कधी धरला नव्हता, त्याच्या हाताची पानं माझ्या मांडीवर होती. तेव्हा मला रडू आलं. ते बारा वर्षांपूर्वीच यायचं होतं. शिळं रडू विचित्र असतं, कशासाठी चाललंय ते आपल्यालाच विचारावं लागतं. बिचारा, केव्हाच गेला होता. मी त्याला उगाच बोलावत बसले होते.

पंचमीला तापीच्या घाटावर मामंजींनी अग्नी दिला. बायकांनी जायचं नसतं, मी गेले नाही. त्या सकाळी न्हाताना कुंकू धुतलं, ते पुन्हा लावलं नाही. बांगड्या मी स्वतः काढून डब्यात ठेवल्या. फोडायच्या म्हणून एक नातेवाईक बाई पुढे आली होती. आत्याबाईंनी तिला हाताला धरून अंगणात नेलं आणि दार लावून घेतलं.

दिवस झाले. चौदाव्या दिवशी मामंजी ओसरीवर बसले होते. वाळले होते ते. मी दारात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "माझी तार मला अजून मिळाली नाही."

त्यांनी वर बघितलं. तार फडताळात होती, भटजींनी पाहिली होती, सगळ्या आळीला माहीत होती. मला काय हवंय ते त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग ते उठले. खुंटीवरचा तारघरचा जुना कोट अंगात घातला, सगळी बटणं लावली. आत जाऊन तो कागद घेतला, पाकिटात घातला, वर माझं नाव लिहिलं. पावतीसाठी चिठ्ठी कापली. चपला घालून बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं.

कडी वाजली.

"तार!"

मी दार उघडलं. त्यांनी पाकीट पुढे केलं, चिठ्ठी आणि पेन्सिल दिली. मी सही केली. सहीपुढे तारीख आणि वेळ लिहायची असते, ती मी खरी लिहिली. पाकीट फोडलं. तोवर मला इंग्रजी बऱ्यापैकी यायला लागलं होतं, कंपाउंडरची गरज नव्हती. दोन ओळी. मी त्या सावकाश वाचल्या.

ते उंबऱ्याबाहेरच उभे होते. आत येत नव्हते, जातही नव्हते. हात कोटाच्या शिवणीला चिकटलेले, नजर माझ्या हातातल्या पेन्सिलीवर.

मी पेन्सिल दाराच्या चौकटीवर टेकवली आणि वाजवलं. लहान, लांब, लहान.

त्याचा अर्थ माफ केलं असा होत नाही. पोचली, एवढाच होतो. त्यांना तो बरोबर कळला. त्यांनी कोटाची बटणं काढली आणि ते तिथंच पायरीवर बसले.